पंचविसावा ठोका

१

भट्टीत शिरायचं म्हणजे आधी डोकं घालायचं, मग एक खांदा, मग श्वास सोडून दुसरा खांदा. थोरल्याच्या हे इतकं अंगवळणी पडलं होतं, की घरात दारातून जातानाही तो एक खांदा पुढे काढायचा आणि भावजय, धाकट्या भावाची बायको, हसायची.

वाफेच्या इंजिनाच्या पोटात जिथे कोळसा जळतो, ती एक खोलीच असते. भिंती तांब्याच्या, खाली जाळी, मागे माणूस जेमतेम घुसेल एवढं वाटोळं दार. समोरच्या भिंतीला चाळणीसारखी दोनशे भोकं, त्यांतून नळ्या पुढे बॉयलरात गेलेल्या. इंजिन कारखान्यात असताना ही खोली थंडगार पडलेली असते. आत गेलं की कुणी वरून झाकण ठेवावं तसं जग बंद होतं.

तांब्याच्या भिंतीबाहेर चार बोटं जागा सोडून दुसरी भिंत असते, लोखंडाची. मधल्या जागेत पाणी. वाफ झाली की ती या दोन भिंतींना एकमेकींपासून लोटायला बघते, म्हणून आरपार दांडे घालून त्या जखडलेल्या असतात. या दांड्यांना स्टे म्हणतात. एकेका भिंतीत शेकडो. एखादा तुटला तर चालून जातं. शेजारशेजारचे दोन तुटले तर भिंत पोट काढते. चार तुटले तर काय झालं ते सांगायला ड्रायव्हर उरत नाही.

तेव्हा हे स्टे वाजवून घ्यायचे. मडकं विकत घेताना बोटाने वाजवतो, तसेच. थोरला आतून हातोडीचा एक ठोका मारायचा. धाकटा भाऊ बाहेर त्याच स्टेच्या दुसऱ्या टोकाशी उभा असायचा, तो बाहेरून एक ठोका द्यायचा. तो आला की आतल्याने स्टेवर खडूची रेघ ओढायची आणि पुढच्याकडे सरकायचं. कारखान्यात शंभर हातोड्या एकदम चालायच्या, त्यात हाका मारून ऐकू कुणाला येणार? म्हणून दोघांत एकच नियम होता. उत्तर आलं की पुढे जा. नाही आलं तर पुन्हा ठोक. तीन ठोक्यांना उत्तर नाही म्हणजे बाहेर काहीतरी बिनसलंय, हातातलं टाक आणि बाहेर ये.

या कामाने थोरल्याचे कान निम्मेअधिक गेले होते. तो डावा तळवा तांब्यावर टेकवायचा आणि तळव्याने ऐकायचा. धाकटा सगळ्यांना सांगायचा, "दादाचे कान हातात आहेत. त्याला गुपित सांगायचं तर हात हातात घ्या."

२

गाड्या दरवर्षी जड होत होत्या आणि इंजिनांची वाफ पुरत नव्हती. जुनी भट्टी चाकांच्या मधे कोंबलेली, कपाटासारखी अरुंद आणि खोल. कारखान्यात इंजिनांचे नकाशे काढणारा एक नकाशेवाला होता, त्याने ती लांब केली. मग गाडीला चार डबे जास्त जोडले आणि वाफ पुन्हा कमी पडली. मग त्याने भट्टी चाकांच्या वर उचलली आणि दोन्ही अंगांनी रुंद केली. पुन्हा चार डबे. वाढत्या अंगाच्या पोराला दर महिन्याला सदरा आखूड पडावा, तसं चाललं होतं. आता हा तिसरा बॉयलर. साडेआठ फूट लांबीची भट्टी. आत थोरला पहिल्यांदाच वाकून का होईना, पण उभा राहू शकला.

डावी भिंत, पाचवी ओळ. नकाशात प्रत्येक ओळीला चोवीस स्टे होते. थोरला मोजत नसे, मोजायची गरजच नसे. ओळ संपली की समोर नळ्यांची भिंत येते, वळायचं आणि खालची ओळ धरायची. पण नवा बॉयलर होता म्हणून तो मनातल्या मनात मोजत होता. बावीस. तेवीस. चोवीस. त्याने रेघ ओढली. हात पुढे केला, तर बोटांना आणखी एक टोक लागलं.

पंचवीस.

चुकलं असेल मोजायला, असं म्हणून त्याने ठोका दिला. तळव्यात उत्तर आलं. बाहेरचं उत्तर कसं लगेच, कडक येतं, कपाळावर टिचकी मारावी तसं. हे जरा मागाहून आलं आणि मऊ आलं.

तो बाहेर आला आणि सदऱ्याने तोंड पुसत म्हणाला, "पाचव्या ओळीत किती दिलेस?"

"चोवीस," धाकटा म्हणाला.

"मला पंचवीस आले."

"मग एक माझ्याकडून भेट समज."

"थट्टा नको रे. टोकं मोज."

धाकट्याने बाहेरच्या भिंतीवरची टोकं बोट ठेवून मोजली. चोवीस. थोरल्याने मोजली. चोवीस. चोविसाव्याच्या पुढे वीतभर सपाट लोखंड आणि मग बॉयलरचा वळसा.

"दादा," धाकटा म्हणाला, "आधी कान गेले, आता आकडे चालले. हळूहळू जा की, सगळं एकदम कशाला?"

थोरला पुन्हा आत गेला. पाचवी ओळ बोटांनी चाचपत मोजली. चोवीस. पुढे नळ्यांची भिंत. त्याला हायसं वाटलं. बाहेर यायला वळला, तेव्हा दिव्याचा उजेड ओळीच्या शेवटी पडला. तिथे एका स्टेवर त्याच्याच हातची खडूची रेघ होती, आणि त्याच्या अलीकडच्यावर होती, आणि त्याच्याही. त्याने उलटीकडून मोजलं. पंचवीस रेघा.

३

नकाशेवाला उंच, सुकट, कानामागे पेन्सिल अडकवलेला माणूस होता. तिन्ही भट्ट्या त्याच्याच हातच्या. चूक काढली की चिडायचा, पण त्या दिवशी चिडला नाही. म्हणाला, "स्टे हा आरपार असतो. आतलं टोक आहे आणि बाहेरचं नाही, असं नसतं. सुईला एकच टोक असेल का?"

"म्हणूनच तर बोलावलं," थोरला म्हणाला.

नकाशेवाल्याने कोट काढून धाकट्याच्या हातात दिला, तीस फुटी टेप घेतला आणि आत शिरला. दोघे भाऊ दाराशी थांबले. आतून टेप सरकल्याचा आवाज आला. मग बराच वेळ येतच राहिला. साडेआठ फूट मोजायला जेवढा लागावा त्याच्या किती तरी पट.

शेवटी दारात त्याचं डोकं आलं. केसांना काजळी नव्हती, कुठे लागलं नव्हतं, पण ओठ कोरडे पडले होते.

"याच्यापेक्षा लांब टेप आहे का?" त्याने विचारलं.

धाकट्याला हसू फुटलं. "साहेब, भट्टी मोजताय की रूळ?"

नकाशेवाला त्याच्याकडे बघत राहिला. मग तोही हसला, उशिरा, दुसऱ्या कुणीतरी आठवण करून दिल्यासारखा. "टेपचं टोक कुठेतरी अडकलं होतं," तो म्हणाला. "माप बरोबर आहे. साडेआठ." कोट घातला, चुकीच्या घरात गुंडी लावली आणि चालू लागला. चार पावलं जाऊन परत आला आणि थोरल्याच्या कानाशी, चांगल्या कानाशी, म्हणाला, "आता आत जाऊ नका. खूण करा आणि मोकळे व्हा."

खूण म्हणजे थोरल्याची दोन आडव्या रेघांची खडूची खूण. ती बॉयलरवर पडल्याशिवाय कुठल्याही भट्टीत आग पडत नसे. उद्या सकाळी नव्या इंजिनाची चाचणी होती, मोठे साहेब यायचे होते.

थोरल्याने खिशातला खडू चाचपला. मग हात नुसताच बाहेर काढला.

४

आई गेली तेव्हा धाकटा सात वर्षांचा होता. थोरल्याने त्याला न्हाऊमाखू घातलं, हाताला धरून कारखान्यात आणलं, हातोडी धरायला शिकवली. थोरल्याची बायको पहिल्याच वर्षी गेली आणि पुन्हा लग्नाचं त्याने मनावर घेतलं नाही. धाकट्याचं लग्न झालं तेव्हा कुठे त्या दोन खोल्यांत बाईमाणसाचा आवाज आला. भावजय तोंडाची तिखट, मनाची लोण्यासारखी. दोघा भावांना ती एकाच सुरात झापायची.

त्या संध्याकाळी थोरल्याने अर्धं ताट तसंच ठेवलं.

"भाऊजी, मीठ जास्त झालंय का माझं डोकं जास्त झालंय?" ती म्हणाली. "काहीतरी एक सांगा."

"एक स्टे जास्त झालाय," धाकटा म्हणाला आणि सगळं सांगितलं, नकाशेवाल्याच्या गुंडीसकट. सांगताना इतका हसला की त्याला ठसका लागला. तिने पाठीवर चापट्या मारल्या, पण ती हसली नाही.

"मग खूण करू नका," ती थोरल्याला म्हणाली.

"नाही केली तर विचारतील, का नाही केली. काय सांगू? बहिऱ्याला जास्तीचं ऐकू येतं म्हणून?"

"मी सांगतो," धाकटा म्हणाला. "सकाळी मी आत जातो. तू बाहेर थांब. माझे कान शाबूत आहेत, बोटं शाबूत आहेत. चोवीस निघाले तर तू खूण करायची आणि वर मला महिनाभर दादा म्हणायचं."

"आणि पंचवीस निघाले तर?" भावजयीने विचारलं.

"तर मी बाहेर येऊन सांगेन की पंचवीस निघाले. त्यात काय?"

थोरल्याला नाही म्हणायचं होतं. पण मनात एक लबाड विचार आला, की धाकट्याला चोवीसच लागतील. आपले कान गेले, तसं डोकंही थोडं गेलं असेल. तसंच असू दे. स्वतःचं डोकं फिरलेलं असावं अशी इच्छा माणसाला कधी होते, ते त्याला त्या संध्याकाळी कळलं.

"जा," तो म्हणाला. "पण फक्त पाचवी ओळ."

५

सकाळी धाकटा आत शिरला तेव्हा त्याचे बूट दारातून थोडा वेळ बाहेर लोंबकळत होते. तसेच हलवून त्याने टाटा केला, आणि बूट आत गेले.

थोरला बाहेर पाचव्या ओळीशी उभा राहिला. उजव्या हातात हातोडी, डावा तळवा लोखंडावर. पहिला ठोका आला. धाकट्याचा ठोका त्याने झोपेतही ओळखला असता; मनगट सैल, शेवटी किंचित उडी मारल्यासारखा. थोरल्याने उत्तर दिलं. दुसरा. उत्तर. बाजूला कुणीतरी पत्रा कापत होतं, वरून क्रेन चालली होती, हे सगळं त्याच्या बाहेर होतं. तीस वर्षं त्याने आतून हेच केलं होतं, पण बाहेरून करायलाही हात अडखळला नाही. ठोका आला की मनगट आपोआप वर जायचं आणि आपोआप खाली.

बावीस. उत्तर. तेवीस. उत्तर. चोवीस. उत्तर.

ठोका आला. उत्तर.

ठोका आला. उत्तर.

आणखी किती झाले ते त्याला नंतर कधीच सांगता आलं नाही. भानावर आला तेव्हा तो शेवटच्या टोकाच्या पुढे, त्या वीतभर सपाट लोखंडावर हातोडी मारत होता. त्याच जागी पुन्हा पुन्हा. लोखंडाचा रंग उडून रुपयाएवढा चकचकीत डाग पडला होता. एवढा डाग पडायला दहा-पंधरा ठोके पुरत नाहीत.

आणि आतून येणारा ठोका आता जवळून येत नव्हता. रस्त्याच्या पार दुसऱ्या टोकाला कुणी खिळा ठोकावा, तसा येत होता.

 धाकट्याला त्याने बाहेर बोलवायला हवं होतं, आणि इतका वेळ तो त्याला सांगत होता, पुढे जा. पुढे जा. पुढे जा.

६

तो दाराशी धावला आणि दिवा आत धरला.

भट्टी रिकामी होती. जाळी, तांब्याच्या भिंती, समोर नळ्यांची भिंत. सगळं साडेआठ फुटांत. धाकटा नाही, त्याचा दिवा नाही, हातोडी नाही. पाचव्या ओळीच्या प्रत्येक स्टेवर नवी रेघ होती. त्याने आत शिरून मोजलं. चोवीस. कालची पंचविसावी रेघही नव्हती. बाहेर यायला दुसरी वाट नाही. दारातून बूट आत गेलेले त्याने स्वतः पाहिले होते आणि त्या दारापासून तो पाच पावलांवर उभा होता.

त्याने तळवा नळ्यांच्या भिंतीला लावला.

ठोका. लांबून. सैल मनगट, शेवटी उडी.

मग त्याला नियम आठवला आणि जीव भांड्यात पडला. उत्तर द्यायचं नाही, बस. तीन ठोके वाट बघेल, मग वैतागेल, शिव्या घालत बाहेर येईल. थोरल्याने हातोडी जाळीवर ठेवून दिली, दूर, हाताला लागणार नाही अशी. तळवा तसाच दाबून धरला.

ठोका आला. थोरल्याने श्वास रोखला.

थोड्या वेळाने, मऊ, जरा मागाहून, उत्तर आलं.

त्याने स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं. हात रिकामा होता, मांडीवर पडलेला होता. हातोडी पलीकडे होती.

पुढचा ठोका आला. तो आणखी एका स्टेने लांब गेला होता.

७

फोरमन भला माणूस होता. त्याने आत स्वतः डोकं घातलं, दिवा फिरवला, जाळीखाली राखेच्या खणातही माणूस घालून पाहिलं. मग थोरल्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "घरी गेला असेल. तरुण पोरं अशी मस्करी करतात."

"आत आहे तो. ठोकतोय. हात लावून बघा."

फोरमनने हात लावला. "शंभर हातोड्या चालू आहेत, बाबा. सगळंच थरथरतंय."

भावजयीला निरोप गेला. तोवर बॉयलरात पाणी भरून झालं, भट्टीत लाकडं रचून झाली, कारण साहेबांची वेळ ठरलेली होती. ती आली ती पदर खोचून, धापा टाकत. थोरल्याने तिला सगळं सांगितलं. स्वतःच्या हाताचंही सांगितलं, ते काही लपवलं नाही.  ती भट्टीच्या तोंडाशी गेली, आत नवऱ्याचं नाव घेऊन हाक मारली, मग वळून फोरमनला म्हणाली, "सगळ्यांना थांबवा."

"बाई, असं कसं..."

"शंभर हातोड्या चालू आहेत म्हणता ना? शंभर बंद करा. नाही ऐकू आलं तर मी भाऊजींना हाताला धरून घरी नेते आणि तुमची पेटवा भट्टी."

फोरमनने शिट्टी वाजवली. एकेक करत हातोड्या थांबल्या. पत्रा कापणारा थांबला. वरची क्रेन थांबली, यंत्रांचे पट्टे फिरायचे थांबले. त्या कारखान्यात कामाच्या वेळी अशी शांतता कुणीच ऐकली नव्हती. माणसं एकमेकांकडे बघून उगाच ओशाळली. छपरावर पाखरं नाचत होती, त्यांच्या नख्या ऐकू येत होत्या.

ठण्.

सगळ्यांनी ऐकलं. बॉयलरातून आलं, पण बॉयलर तीस फुटांचा होता, आणि आवाज पार मैलभरावरचा.

मग, मऊ, जरा मागाहून: ठण्.

कुणीही हललं नाही. गर्दीत मागे नकाशेवाला उभा होता. तो खाली बसला आणि त्याने दोन्ही कानांवर हात ठेवले.

"ऐकलंत?" भावजय म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता. "आहेत ना आत? आहेत ना?"

तिला वाटलं, आता सगळे धावतील. पत्रे कापतील, भिंत फोडतील. पण शंभर माणसांची पाचावर धारण बसली होती आणि त्यांच्यात भट्टी पेटवायला नेमलेला माणूसही होता. त्याच्या हातात तेलात भिजवलेल्या चिंध्यांचा बोळा तयार होता. कुणी सांगितलं नाही त्याला, आणि बॉयलरवर थोरल्याची खूणही नव्हती. फोरमन नंतर शपथेवर म्हणाला की आपण हुकूम दिला नाही, आणि ते खरंच होतं. त्या माणसाला फक्त तो आवाज बंद करायचा होता. सापावर दगड टाकावा तसा त्याने जळता बोळा रचलेल्या लाकडांवर टाकला, वर तेलाचा डबा ओतला, आणि कुणी पुढे होण्याआधी फावड्याने कोळसा लोटू लागला.

८

थोरला दाराशी पोचला तेव्हा जाळ छातीएवढा उठला होता. चार जणांनी त्याला मागे ओढलं. पण ओढण्याआधी त्याला दिसलं.

धूर पुढच्या अंगाला ओढला गेला आणि जाळाच्या पलीकडे, जिथे नळ्यांची भिंत असायला हवी, तिथे ती नव्हती. तांब्याच्या दोन भिंती पुढे जात होत्या, जात होत्या, स्टेच्या टोकांच्या ओळी घेऊन, आणि पार टोकाला टाचणीच्या डोक्याएवढा एक दिवा होता. दिव्यापाशी धाकट्याची पाठ. ती पाठ त्याने तेल लावून चोळली होती. एवढ्या लांबूनही चुकणार नव्हता. धाकटा वाकून रेघ ओढत होता. त्याच्याजवळ, भिंतीला चिकटून, आणखी काहीतरी वाकलेलं होतं. जाळाचा उजेड तिथवर पोचला तसं ते सरळ झालं आणि इकडे वळलं.

मग धूर परतला.

"सोडा!" भावजय त्या चौघांवर ओरडली. तिने बाहेरच्या लोखंडाला दोन्ही तळवे लावले होते. लोखंड अजून कोमटच होतं. "भाऊजी, इकडे या. हात लावा. ते थांबलंय."

त्याने हात लावला. धाकट्याचा ठोका आला. ते दोघे वाट बघत राहिले. उत्तर आलं नाही.

"गेलं ते! जाळाला भ्यालं!" तिचं हसणं आणि रडणं एकात एक झालं होतं. "आता उत्तर नाही. तीन झाले की येतील ना? तुम्हीच म्हणालात ना, तीन झाले की हातातलं टाकून बाहेर येतात?"

"येतो," थोरला म्हणाला. त्यालाही एक क्षण तसंच वाटलं. एक श्वासभर तो सुखी झाला.

मग तो भट्टीच्या दाराकडे वळला. दाराच्या कडेने पांढरा जाळ बाहेर चाटत होता. आत जायला आणि बाहेर यायला ते एकच दार.

"आग ओढा!" तो किंचाळला. "आग ओढा बाहेर!"

फोरमनने फावडेवाल्याला बाजूला लोटलं, दोन माणसं लोखंडी आकडे घेऊन धावली. पण भरली आग ओढायला अर्धा तास लागतो, आणि ओढली तरी तांबं रात्रीपर्यंत हात लावू देत नाही, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. दुसरा ठोका आला. जरा जोरात, धाकटा कंटाळला की असाच मारायचा.

भावजयीने थोरल्याच्या तोंडाकडे पाहिलं. मग दाराकडे पाहिलं. तिचे तळवे लोखंडावरून सुटले नाहीत.

"सांगा ना त्यांना थांबायला," ती म्हणाली.

"थांब म्हणायची खूण नाही, पोरी. पुढे जा म्हणायची आहे, आणि बाहेर ये म्हणायची आहे. तिसरी आम्ही ठेवलीच नाही."

"मग पुढे गेले की परत कधी..."

थोरल्याने तळवा पुन्हा लोखंडाला लावला.

तिसरा ठोका आला. त्याच्यामागे नेहमी येते तेवढी वाट बघण्याची जागा आली. दहा श्वासांची. थोरल्याने ते श्वास घेतले नाहीत. त्याने हातोडी उचलली, पण मनगट, जे तीस वर्षं आपोआप चाललं होतं, ते वर जाईना. तो ते दुसऱ्या हाताने धरून उचलू लागला. तेवढ्यात हातोडीचा दांडा त्याच्या मुठीतून ओढला गेला. भावजय होती.

"कुठे मारू?" तिने विचारलं.

"कुठेही मार," तो म्हणाला. "तो आहे तिथे बाहेरून जागाच नाही."

तिने हातोडी दोन्ही हातांत धरली, डोळे मिटले, आणि एक ठोका दिला.